दहाची चवड

दांडेकर पुलाजवळ, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल, तीन खुर्च्या, आणि एक टेबलफॅन,
जो मी भिंतीकडे तोंड करून ठेवते. कागद उडतात.
समोर लोंढेबाई. शेजारी सम्यक,
वय अकरा वर्षं चार महिने.
महिने लिहावेच लागतात, त्यावरून तक्ता बदलतो.

स्वतःच्या हाताने जेवतो?
नाही.
दात घासतो?
नाही.
शर्टाची बटणं लावतो?
नाही.

इतक्या पटापट आलेल्या नाही
पाठ केलेल्या असतात.
जनता वसाहतीत कुणी शेजारीण सांगते,
सगळ्याला नाही म्हण गं, टक्के वाढतात,
टक्के वाढले की कार्ड होतं, बसचा पास होतो.
तिचं फारसं चूकही नाही.

मी पेन खाली ठेवते.
बाई, परीक्षा नाहीये ही. रोजचं सांगा,
सकाळपासून, जसं होतं तसं.

रोजचं?
रोज आम्ही साडेपाचला उठतो, नळ येतो ना,
मग आम्ही दात घासतो, आम्ही बटणं लावतो,
सहा चाळीसला आम्ही खाली उतरतो.

वीस वर्षं झाली,
या ‘आम्ही’तून एक माणूस वेगळा काढायचा
मी पगार घेते.
बटणाला हात कुणाचा होता, बाई?
माझाच की.
त्याला दहा मिनिटं लागतात, मॅडम.
दहा मिनिटं कुठून आणू?

शून्य, एक, दोन, एवढेच आकडे माझ्याकडे.
मी शून्य लिहिलं.
ते सम्यकचं की नळाचं
हे लिहायला रकाना नाही.

तेवढ्यात तो उठला
आणि पंखा आईकडे वळवला.
कागद उडाले. खोलीभर.
शेवटचा जमिनीला टेकेपर्यंत तो बघत राहिला.
उचलले नाहीत. तेही लिहिलं.
पान चार मात्र सापडेना.

पैसे मोजतो? सुट्टे परत घेतो?
नाही. पैसे नाही कळत त्याला.
आणि मग, जे न बोलायचं ठरवून आल्या होत्या,
ते तोंडातून निघून गेलंच :
पोळ्या कळतात.

नव्या पेठेत, केंद्रावर, शाळा सुटल्यावर
माझ्यापाशी बसतो हा.
दहाची चवड हातावर घेतो, असा,
आणि एक कमी असली तर म्हणतो, आई, एक.
मोजत नाही. नुसती हातावर घेतो.
मालकीणबाई आधी हसायच्या,
आता त्याच्या हातावर ठेवल्याशिवाय
पिशवीला गाठ मारत नाहीत.

बोलताना त्यांचा तळवा वर आला होता.
मनगटावर तव्याची जुनी काळी खूण,
आणि हवेत दहा पोळ्यांचं वजन.
सम्यकनेही तसाच हात पुढे केला.

पान चार कपाटाखाली निघालं.
एकट्याने रस्ता ओलांडतो?
या प्रश्नाला लोंढेबाई हसल्या, मीही हसले.
पुलाच्या तोंडाशी एकट्याने कोण ओलांडतं?
मी स्वतः रोज संध्याकाळी
कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या आडोशाने जाते,
तो पाऊल टाकेल तेव्हा टाकते,
आणि पलीकडे गेल्यावर ओळख दाखवत नाही.

आठ दिवसांनी फोन. मागे लाटण्यांचा आवाज.
मॅडम, मी लोंढे. सम्यकची आई.
ते बटणांचं. आज लावली त्याने.
पाचही. एक घर चुकलंय, शर्ट वरखाली झालाय,
तसाच पाठवला शाळेत.
माझी पहिली खेप हुकली, बोलणी खाल्ली.
कागदावर ते बदलता येतं का आता?

येतं, मी म्हटलं. फाइल सोमवारी जाईल.

मग टक्के कमी होतील?
होतील. थोडे.

लाटणी चालू होती.
मग राहू द्या, त्या म्हणाल्या.
मी थांबले. त्यांनीही फोन ठेवला नाही.
कुणीतरी तिकडून हाक मारली, पीठ संपलं म्हणून.

नाही, मॅडम.
लिहा.